बावीस पावलं

आमचं घर रस्त्यात गेलं याचं मला फारसं दुःख झालं नाही. खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात ते गळायचं, उन्हाळ्यात वरून माती पडायची आणि रस्त्यावरून डंपर गेला की फळीवरची भांडी वाजायची. रुंदीकरणवाल्यांनी भिंतीवर लाल रंगाने आकडा टाकला त्या दिवशी शेजारणी डोळ्यांना पदर लावून बसल्या. मी आत जाऊन चहा ठेवला. भरपाई मिळणार होती आणि नवं घर होणार होतं. काळजी होती ती एकाच माणसाची, माझ्या सासऱ्यांची.

सासऱ्यांचं नाव रंगनाथ, पण सगळे त्यांना तात्या म्हणतात. पारनेर तालुक्यात विहिरी खोदणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. वीस-वीस माणसं त्यांच्या एका हाकेवर साठ फूट खाली उतरायची. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तरी आमच्याकडे नवा पाहुणा आला तर पहिला अर्धा तास त्याला पत्ताच लागायचा नाही, की समोर बसलेल्या माणसाला दिसत नाही.

कारण नजर जात होती त्या वर्षभरात तात्यांनी घर पाठ करून ठेवलं होतं. बाजेवरून उठायचं आणि नाकासमोर अठरा पावलं चालायचं. बाहेरची खोली, माजघर, स्वयंपाकघर, तिन्हींची दारं एका रेषेत होती. मागच्या पडवीत पोचलं की डावीकडे वळायचं, चार पावलं टाकायची, की संडास. एकूण बावीस. जायचे, आतून कडी लावायचे, परत यायचे. अकरा वर्षांत या कामासाठी त्यांनी कुणाचा हात धरला नव्हता.

म्हणून माझी अट एकच होती. घर नवं बांधा, फरशी आरशासारखी चकचकीत घाला, पण आतून ते आमचं जुनं घर पाहिजे. दार होतं तिथं दार, बाज होती तिथं बाज.

मी ब्लाऊज शिवते. माप घ्यायला मला कुणी शिकवायची गरज नाही. घर पाडायच्या आदल्या दिवशी गळ्यातला टेप काढला आणि एकेक खोली मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, दारापासून कोपऱ्यापर्यंत. मापाच्या वहीत एका गिऱ्हाइकाच्या छाती-कंबर-बाहीच्या खाली बाहेरची खोली, माजघर, स्वयंपाकघर, पडवी असं सगळं लिहून घेतलं. कडी जमिनीपासून किती उंच तेही लिहिलं. शेवटी संडासाच्या दाराची लोखंडी कडीच स्क्रू काढून पिशवीत टाकली.

माझे मिस्टर ज्ञानेश्वर सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. ते बघत उभे होते. म्हणाले, "नवी कडी मिळत न्हाई व्हय बाजारात?"

"मिळती की. पन तात्यांचा हात हिला वळखतो."

त्यांनी मान हलवली आणि अंघोळीला गेले. लग्नाला चौदा वर्षं झाल्यामुळे कुठे वाद घालायचा आणि कुठे अंघोळीला जायचं हे त्यांना कळतं.

पारनेरच्या बाहेर माळावर वैजनाथराव डेव्हलपरांची बारा बंगल्यांची स्कीम होती. वैजनाथरावांचा आधी मंडपाचा धंदा. मंडप एका दिवसात उभा राहतो, त्यामुळे माणसानं कशात राहायचं याचा फार विचार करायची त्यांना सवय नव्हती. आम्ही ऑफिसात गेलो तर त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीवर बंगला फिरवून दाखवला. पुढे गाडीसाठी पोर्च, त्यावर काचेची गॅलरी, आत सोफा. सोफ्यावर एक गोरी बाई हसत बसली होती आणि तिच्या अख्ख्या घरात पाण्याचा एक हंडा नव्हता.

मी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी ती सरळ ज्ञानेश्वरांकडे सरकवली.

"दादा, हे काय?"

"तिलाच इचारा," ज्ञानेश्वर म्हणाले.

मी सांगितलं. वैजनाथरावांनी ऐकून घेतलं, हसले, आणि लहान मुलीला समजवावं तसं सुरू केलं. "वहिनी, तिन्ही दारं एका रेषेत कोणी ठेवतं का आजकाल? प्रायव्हसी राहत नाही. आणि तुम्ही म्हणता तिथं संडास घेतला तर तो ईशान्येला येतो. वास्तुशास्त्रात बसत नाही ते. उद्या घरात काही झालं तर मला बोल लावाल."

"न्हाई लावनार. लिहून देते."

"आजोबांना बेडरूमला अटॅच देतो ना मी. चार महिन्यांत सवय होईल."

हा सवय शब्द मला ऐकवत नाही. ज्याला सवय करायची नसते तोच तो दुसऱ्याला देत फिरतो.

"आसं करा," मी म्हणाले, "तुमी डोळ्याला पट्टी बांधा, आन् ह्या तुमच्या हाफिसातून मुतारीला जाऊन दावा. तुमी रोज हितंच बसता, तुमाला तर सवय आसंल. जाऊन आलात तर मी तुमचा टीव्हीवरला बंगला हाय तसा घेते."

ऑफिसातली मुलगी कॉम्प्युटरमागे तोंड लपवून हसली. वैजनाथरावांनी पट्टी काही बांधली नाही. बारापैकी पाच बंगल्यांना अजून गिऱ्हाईक नव्हतं, हे येताना बोर्डावर मी मोजलंच होतं. शेवटी करारनाम्यात त्यांनी हाताने एक ओळ वाढवली, 'आतील मापे मालकाच्या वहीप्रमाणे', आणि त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. मी जिंकून आल्याच्या तोऱ्यात घरी आले.

घर म्हणजे तोपर्यंत पारनेरमधल्या भाड्याच्या दोन खोल्या. जुनं घर एका दुपारी गेलं. आणि खरा त्रास तिथून सुरू झाला.

त्या चाळीत संडास अंगणापलीकडे. मधे कुणाची सायकल, कुणाची बादली, कुणाचं वाळवण, आणि रोज वेगळ्या जागी. तात्यांनी पहिल्या आठवड्यात एकट्याने जायचा प्रयत्न केला आणि दोनदा पडले. मग ज्ञानेश्वर न्यायचे. ते कामावर असले की मी. माझ्या खांद्यावर हात ठेवून तात्या चालायचे तेव्हा तोंड पलीकडे वळवायचे. ज्या माणसाने शेकडो विहिरी खोदून घेतल्या त्याला मी संडासाच्या दाराशी सोडायची, आणि झालं की त्यांनी खोकायचं, म्हणजे मी यायची. आम्ही दोघांनी यावर कधी एक शब्द काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो. विचारलं की म्हणायचे, "तहान न्हाई." मग लघवीला जळजळ सुरू झाली, ताप चढला, दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावी लागली. डॉक्टर त्यांना रागावले. पाणी का पीत नाही, म्हणाले.

तात्यांना वाटलं मी औषधं आणायला गेले आहे. मी दारातच होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "पानी पिलं की उठावं लागतं. उठलं की सुनंला हाक मारावी लागती. त्यापरीस तहान बरी."

मी तशीच मागे फिरले आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. आधी रडले, मग मला राग आला. राग कुणाचा ते कळेना. पण त्या जिन्यात एक गोष्ट ठरवून टाकली, की नव्या घरात हा माणूस स्वतःच्या पायाने जाईल, नाहीतर ते घर मला नको.

लाईन आउटच्या दिवशी आम्ही सगळे माळावर गेलो. म्हणजे पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याची पांढरी फक्की मारून घर आखतात तो दिवस. नारळ फोडला, कुदळीला हळद-कुंकू वाहिलं. बन्सी मिस्त्री नावाचे जुने गवंडी होते, त्यांनी दोऱ्या ताणून रेघा मारल्या. बघता बघता उघड्या जमिनीवर आमचं घर दिसायला लागलं. मी तात्यांचा हात धरून त्यांना जिथं बाज येणार तिथं उभं केलं.

"तात्या, ही तुमची बाज. आता जा."

शेजारच्या प्लॉटवाली दोन-तीन कुटुंबं बघायला आली होती. तात्यांनी काठी माझ्याकडे दिली, धोतर सावरलं आणि निघाले. सरळ, न चाचपडता, जुन्या घरात चालायचे तसे. अठरा पावलं झाली, डावीकडे वळले, चार पावलं टाकली आणि थांबले.

ते संडासात नव्हते. घरातच नव्हते. मागच्या रेघेबाहेर, काटेरी झुडपाजवळ उभे होते.

कुणीतरी फिसकन हसलं. वैजनाथराव म्हणाले, "आजोबा, शेजारच्या प्लॉटमध्ये गेलात."

तात्यांनी जागेवरूनच सांगितलं, "घर तोकडं हाय. तीन पावलं कमी हायेत."

वैजनाथरावांनी टेप मागवला. सगळ्यांसमोर एकेक खोली मोजली आणि माझ्या वहीशी ताडून दाखवली. इंचाचा फरक नव्हता. "बघा वहिनी. तुमचंच अक्षर, तुमचंच माप. आता मी पावलांवर बंगले बांधू का?"

आणि मी काय केलं, तर वही बघितली. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण मापात आजपर्यंत कुणी मला चूक काढून दाखवली नव्हती. मी चारचौघांत म्हणाले, "तात्या, वहीत बरोबर हाय. तुमीच मोजायला चुकला आसाल. लई दिवस झालं ना घर सोडून."

तात्यांनी हात पुढे केला, काठीसाठी. मी काठी दिली.

उद्या सकाळी सातला जेसीबी येणार, असं ठरवून सगळे पांगले.

दुपारी मी मशीनवर बसले. एका शेजारणीचा ब्लाऊज अर्जंट होता. कापड अंथरलं, मापाप्रमाणे खडूनं खुणा केल्या, आणि हातच्या सवयीने प्रत्येक खुणेबाहेर शिलाईसाठी दोन बोटं कापड सोडून दुसरी रेघ ओढली. कात्री उचलली आणि तशीच थांबले.

अंगाचं माप वेगळं आणि कापडाचं वेगळं, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आणि घर मोजताना मी फक्त खोल्या मोजल्या होत्या. भिंती मोजल्याच नव्हत्या.

आमच्या जुन्या भिंती दगडमातीच्या होत्या, दोन फुटी. त्या घराच्या खिडकीत मांडी घालून बसून मी हुक-काज करायची, एवढी भिंत रुंद. नव्या घराची भिंत सहा इंचाची. एका भिंतीमागे दीड फूट गेलं. बाजेपासून पडवीपर्यंत तीन भिंती. साडेचार फूट. आणि तात्यांचं पाऊल दीड फुटाचं. तीन पावलं.

मी कात्री ठेवली आणि तात्यांपुढे जाऊन बसले.

"तात्या, जुन्या घरात दारातून जाताना किती पावलं पडायची?"

"दारात एक पाऊल पुरं पडून वर थोडं उरायचं," ते म्हणाले. "हितं दारात पाऊल पडतच न्हाई. आखल्यावर मला लगीच कळलं. भिती पातळ हायेत."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. तीन पावलं कमी हायेत म्हनलं. तू वही दावली. म्या अंगठाबहाद्दर, वहीसंगं काय भांडू?"

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्यांच्यासाठी सगळ्यांशी भांडत होते मी, आणि वेळ आली तेव्हा त्यांनाच खोटं पाडून मोकळी झाले होते. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "ऊठ. ब्लाऊज शिव त्या बाईचा." मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेऊन खाली ठेवला.

सकाळी साडेसहाला तात्यांना स्कूटीवर मागे बसवून मी माळावर हजर झाले. ज्ञानेश्वर रात्रपाळी करून सुप्याहून परस्पर तिथेच आले, डोळे लाल. त्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की घर चुकलंय. जेसीबी आला तेव्हा मी फक्कीनं आखलेल्या संडासात उभी होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा वाजवला, मग मशीन बंद करून तंबाखू मळायला बसला.

वैजनाथराव अर्ध्या तासानं आले. मी त्यांना भिंतींचं सगळं गणित सांगितलं.

त्यांनी शांतपणे मोबाईलमधला करारनाम्याचा फोटो उघडून दाखवला. "मालकाच्या वहीप्रमाणे. सही तुमची आहे. मी वहीप्रमाणे आखलंय."

"व्हय. चूक माझी हाय. माझी हाय म्हनून तर मी हितं उभी हाय. तुमची आसती तर तुमाला उभं केलं आसतं."

"अहो, पण आता दोन फुटी भिंती कोण बांधतं?"

"भिती पातळच ठेवा. मला भिती नकोत, अंतर पायजे. परत्येक खोली दीड-दीड फूट वाढवा."

"म्हणजे घर साडेचार फूट लांब होणार. आणायचे कुठून साडेचार फूट? मागं नियमाची जागा सोडावीच लागते, तिथं इंचभर हलता येत नाही. पुढं पोर्च आहे."

"मंग पोर्च काढा."

बन्सी मिस्त्रींनी ज्ञानेश्वरांकडे बघितलं, कारण पोर्च हे ज्ञानेश्वरांचं स्वप्न होतं. गाडी अजून घेतलेली नव्हती, पण ती पोर्चमध्ये कशी उभी राहील हे ते मला जेवताना दोन वाट्यांमध्ये डबी ठेवून दाखवायचे.

वैजनाथरावांनी ते बरोबर हेरलं. "दादा, तुम्ही सांगा आता. घरातला कर्ता माणूस कोण आहे? बाराही बंगल्यांचं एलेव्हेशन, म्हणजे पुढचं तोंड, एकसारखं आहे. तुमचं एकट्याचं घर पोर्चशिवाय बोडकं दिसेल. नकाशा परत मंजुरीला टाकावा लागेल. आणि कशासाठी, तर तीन पावलांसाठी? एक मजबूत दांडा बसवून देतो भिंतीला, आजोबा धरून जातील."

"तात्या एलेव्हेशनमधून चालत न्हाईत," मी म्हणाले. "आन् दांडा तुमच्या घरी बसवा. नकाशा मंजुरीला टाका, आमी थांबतो. पन ह्या फक्कीवर कुदळ पडायची न्हाई. मी हितनं हलनार न्हाई. जेवन हितं करीन, मशीन हितं आनून ब्लाऊज हितं शिवीन."

वैजनाथराव ज्ञानेश्वरांकडेच बघत राहिले. मीही बघत होते. खरं सांगते, त्या घटकेला मला धाकधूक होती. भांडायला मी कुणालाही पुरून उरते, पण नवऱ्याने परक्यांसमोर मान फिरवली असती तर माझे पाय तिथं टिकले नसते.

ज्ञानेश्वर पलीकडे दगडावर बसलेल्या आपल्या बापाकडे बघत होते. मग म्हणाले, "गाडी रस्त्यावर उभी राहील. तिला काय थंडी वाजत न्हाई."

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं, ते बन्सी मिस्त्रींनी केलं. त्यांनी चपलेनं कालच्या रेघा पुसायला सुरुवात केली. वैजनाथराव म्हणाले, "मिस्त्री, काय चाललंय?" मिस्त्री म्हणाले, "शेट, ह्या मानसानं आमच्या बापाच्या हिरीची जागा पायानं मोजून दिलीय. आजून पानी हाय तिला." आणि त्यांनी तात्यांना हाताला धरून पोर्चच्या दिशेनं पुढे, बाजेच्या नव्या जागी आणलं. "मुकादम, चाला तुमी. मी मागनं फक्की टाकतो."

मुकादम ही हाक तात्यांना कित्येक वर्षांत कुणी मारली नव्हती. त्यांची पाठ सरळ झाली.

ते चालत गेले आणि बोलत गेले. "हितं दार. हे दारातलं पाऊल. हितं माजघर लागलं. हितं उजव्या हाताला दाण्याची कनगी हुती." मिस्त्री वाकून मागोमाग चुना टाकत होते. तात्या डावीकडे वळले, चार पावलं टाकली, थांबले. "हितं दार लावलं की माझा हात कडीला लागतो." त्यांनी हात पुढे केला, हवेत. मी वहीत बघितलं. कडीची उंची तीन फूट दोन इंच. टेप लावला तर तात्यांचा पंजा तीन फूट दोन इंचांवर होता.

मिस्त्रींनी सगळं अंतर मोजलं. बाजेपासून पडवीपर्यंत कालच्या रेघांपेक्षा बरोबर साडेचार फूट जास्त. वैजनाथरावांनी स्वतः दोनदा टेप धरून बघितला. एव्हाना शेजारच्या प्लॉटवाली गिऱ्हाइकंही येऊन बघत उभी होती, त्यांच्यासमोर ताणून धरणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणाले, "ठीक आहे. पण बोडकं दिसलं तर मला बोलू नका."

"बोडकं दिसू द्या," मी म्हणाले. वहीत नवीन मापं लिहिली, या वेळी भिंतींसकट, आणि खाली त्यांची सही घेतली. ब्लाऊजच्या मापांखाली डेव्हलपरची सही असलेली वही जिल्ह्यात दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही.

मंजुरीला अडीच महिने गेले आणि बांधकामाला आठ. त्या आठ महिन्यांत मी रोज एक चक्कर मारायची. एकदा स्वयंपाकघराचं दार परस्पर सरकतं केलं होतं, ते बदलायला लावलं. एकदा पडवीत एक पायरी निघाली, पाण्याच्या उताराला म्हणे. मी ती फोडायला लावली आणि उतार दुसऱ्या अंगाने काढून घेतला. संडासाला वैजनाथरावांनी चकाचक नवं लॉक आणलं होतं. मी पिशवीतून जुनी कडी काढून बन्सी मिस्त्रींच्या हातात दिली. नव्या पांढऱ्या दारावर ती काळी, गंजकी कडी कशी दिसते हे मला पाहुण्यांनी नंतर पुष्कळदा सांगितलं. माझ्या पाठीमागे त्या स्कीममध्ये मला टेपवाली बाई म्हणायला लागले होते. म्हणोत. टेप माझा आहे.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं. बारा बंगल्यांत अकरांना पोर्च आणि एक आमचा बिनपोर्चचा, रांगेत एक दात पडल्यासारखा. वैजनाथराव शाल-नारळ घ्यायला आले होते. तात्यांची बहीण, आमच्या रंगुबाई आत्या, सकाळपासून भावाला चिकटून बसल्या होत्या. "नवं घर हाय, पडशील," म्हणून त्यांचा हात सोडत नव्हत्या. तात्यांना आम्ही आधी मुद्दाम आणलं नव्हतं. म्हणजे घर तयार झाल्यावर आत त्यांचं पहिलंच पाऊल त्या दिवशी पडलं, आणि आम्ही त्यांना थेट बाजेवर नेऊन बसवलं.

पूजा झाली, आरती झाली. पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली तेव्हा तात्यांनी हाक मारली, "निकिता, पानी आन."

मी तांब्या दिला. त्यांनी तो वर केला आणि खाली ठेवला तेव्हा रिकामा होता. "आनखी." मी दुसरा आणला. तोही प्यायले. घटाघट, मिशा भिजवून, सगळ्यांसमोर. आत्या म्हणाल्या, "आरं, येवढं पानी कशाला, जेवायचं हाय." तात्या थोडा वेळ बसले. मग उठले.

लगेच पाच-सहा हात पुढे आले. आत्यांनी दंड धरला, कुणीतरी दुसरी बाजू धरली. वैजनाथरावसुद्धा पुढे झाले. "चला आजोबा, मी नेतो."

"हात सोडा," तात्या म्हणाले. आवाज विहिरीच्या काठावरून खाली मारतात तसा होता. सगळे हात सुटले.

ते निघाले. मी मनात मोजत होते. पाच, सहा, दारातलं पाऊल. माजघरात पानं मांडणाऱ्या बायका भिंतीला सरकल्या. अकरा, बारा. ज्ञानेश्वर स्वयंपाकघरात पातेलं धरून जागच्या जागी उभे राहिले. अठरा. डावीकडे वळले. एकोणीस, वीस, एकवीस. बावीस. हात पुढे गेला, दार आत ढकललं, ते आत गेले, दार लागलं.

आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

आत्यांनी डोळ्याला पदर लावला. वैजनाथराव पडवीत तसेच उभे होते. त्यांच्या मागे दहा-पंधरा माणसं त्या बंद दाराकडे टक लावून बघत होती.

"आता बघताय काय?" मी म्हणाले. "मानूस संडासला गेलाय. चला, पानं मांडलीत, जेवायला बसा."